कच्ची मडकी

गेल्या वर्षीची गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीपूर्वीचा शेवटचा दिवस होता. हा दिवस कोणत्याच शाळेत शिकवण्याचा नसतो. मुलांची शरीरे बाकांवर असतात आणि मने किल्ल्याच्या मातीत नाहीतर चकलीच्या डब्यात. आमच्या मुरुडला तर खरा किल्ला समोर समुद्रात उभा असताना मुले दरवर्षी अंगणात दुसरा बांधतात, त्याचे मला नेहमी कौतुक वाटते. घंटा झाली, वर्ग रिकामा झाला. तरी नववीतली एक मुलगी दाराशी रेंगाळत राहिली. मग जवळ येऊन तिने एक दोनशे पानी वही टेबलावर ठेवली.

"सर, मी गोष्ट लिहिलीय. तुम्ही कादंबऱ्या लिहिता ना, म्हणून आणली. सुट्टीत वाचाल? आणि खरं खरं सांगा हं, कशी आहे ते."

तोंडाने ती "खरं सांगा" म्हणत होती आणि डोळ्यांनी "छान म्हणा" म्हणून विनवत होती. लिहिणाऱ्या प्रत्येक माणसाने पहिल्या वाचकाकडे असेच पाहिलेले असते. मी वही घेतली. वहीवरचे नाव वाचले आणि क्षणभर थबकलो. त्याचे कारण पुढे सांगेन.

त्या रात्री वही समोर ठेवून बसलो, पण उघडवेना. प्रश्न साधा दिसतो. नव्याने लिहू लागलेल्या माणसाला त्याच्या लेखनाविषयी काय सांगावे? खरे सांगावे, की बरे वाटेल असे सांगावे? आपण चटकन म्हणतो, "खरेच सांगावे, पण गोड शब्दांत." हे उत्तर मला पूर्वी पुरेसे वाटे. आता वाटत नाही. कारण त्यात एक गोष्ट आपण गृहीत धरलेली असते. ती म्हणजे, खरे काय आहे ते आपल्याला ठाऊक आहे.

मी मूळचा घाटावरचा. बाविसाव्या वर्षी, २००२ साली, मुरुडला आलो आणि इथलाच झालो. त्या वेळी गावात लिहिण्याचे वेड असलेले आम्ही चौघे तरुण होतो. एक पोस्टात होता, एकाच्या घरची सुपारीची वाडी होती, एक एकदऱ्याच्या कोळीवाड्यातला, बापाबरोबर होडीवर जाणारा. आणि चौथा मी. दर रविवारी संध्याकाळी किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडांखाली आम्ही जमत असू. प्रत्येकाच्या हातात वही. एकाने वाचायचे, तिघांनी ऐकायचे. वाचून झाले की थोडा वेळ लाटांचा आवाज आणि मग तिघेही एका सुरात म्हणायचे, "छान!"

उंटाच्या लग्नात गाढव गायला बसल्याची जुनी गोष्ट वाचकांना ठाऊक असेलच. गाढवाने उंटाच्या रूपाची तारीफ केली आणि उंटाने गाढवाच्या गळ्याची. लग्न मोठ्या आनंदात पार पडले. आमचाही प्रत्येक रविवार तसाच पार पडे. आजची तरुण मुले मोबाइलवर एकमेकांना अंगठा दाखवून हेच काम अधिक लवकर उरकतात, एवढाच फरक. पण त्या गोष्टीला केवळ हसून सोडून देऊ नये, असे मला वाटते. बिचाऱ्या उंटाला त्याच्या आधी कोणीही देखणा म्हटले नव्हते. नव्या लेखकाचेही तसेच असते. घरात त्याच्या लिहिण्याला कोणी विचारत नाही, उलट "अभ्यास सोडून हे काय?" असे मात्र विचारतात. अशा वेळी रविवारच्या संध्याकाळी तीन माणसे आपली वाट पाहत बसली आहेत, एवढ्या आधारावर तो आठवडाभर लिहितो. आमचे "छान" खोटे होते, पण आमचे जमणे खोटे नव्हते.

असे जमणे मराठीला नवे नाही. १९२३ साली पुण्यात काही तरुण कवी आणि लेखक रविवारी एकत्र बसू लागले. चहा व्हायचा, कविता वाचल्या जायच्या, चर्चा व्हायची. त्यातूनच रविकिरण मंडळ उभे राहिले. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे आणि त्यांच्या पत्नी मनोरमाबाई, माडखोलकर, वि. द. घाटे, नाट्यछटाकार दिवाकर अशी ही मंडळी. पुढे याच मंडळींपैकी चौघे साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले: माधव जूलियन १९३६ साली जळगावला, माडखोलकर १९४६ साली बेळगावला, यशवंत १९५० साली मुंबईला आणि घाटे १९५३ साली अहमदाबादला. पण १९२३ साली ही सारी मोठी नावे नव्हती. कोणी शिक्षक, कोणी प्राध्यापक, कोणी नोकरदार. रविवार मोकळा सापडणारी माणसे होती. स्वतःच्या खर्चाने आणि एकमेकांच्या आधाराने त्यांनी संग्रह काढले, गावोगाव जाऊन कविता गाऊन दाखवल्या आणि ज्या घरांत कवितेचे पुस्तक कधी आले नसते, त्या घरांत कविता नेली.

या मंडळावर टीकाही पुष्कळ झाली. हे एकमेकांची पाठ थोपटणारे लोक आहेत, असे बोलले गेले. आचार्य अत्रे तेव्हा तरुण होते आणि पुण्यात मास्तरकी करत होते. त्यांनी 'झेंडूची फुले'मध्ये त्या काळच्या कवींच्या लकबींची अशी काही विडंबने केली की मराठी माणूस आजही ती वाचून हसतो. मला या हकीकतीत एक धडा दिसतो. रोज एका पंक्तीत बसणाऱ्यांना एकमेकांच्या लकबी दिसेनाशा होतात. घरातल्या माणसाचे घोरणे घरच्यांना ऐकू येईनासे होते, पाहुण्याला मात्र झोप लागत नाही; तसेच हे. अत्रे हे त्या घरातले पाहुणे ठरले. पण याची दुसरी बाजूही पाहावी. माधव जूलियन फारसी वृत्ते मराठीत आणत होते, गिरीश खेड्यातल्या माणसांची खंडकाव्ये लिहीत होते, यशवंत आईविषयी लिहून घराघरांत पोचले होते आणि दिवाकर तर कवितेऐवजी चार-दोन पानांच्या नाट्यछटाच लिहीत होते. मंडळाने आपल्या माणसांना एका साच्यात घातले नाही. ज्याला जे लिहायचे ते लिहू देऊन त्याला श्रोते दिले. पाठ थोपटण्यापलीकडचे काही तिथे होते, म्हणूनच पाठ थोपटून घेणारे सारे एकसारखे झाले नाहीत.

आमच्या चौघांकडे ते पलीकडचे काही नव्हते. "छान"च्या जोरावर मी एका मासिकाकडे कथा पाठवली. ती साभार परत आली. दुसरी पाठवली, तीही आली. अशा अकरा कथा अकरा वेळा परत आल्या. पोस्टातल्या मित्राला माझ्या आधी कळे की माझी कथा घरी आली आहे. माझा दोष काय ते कोणी सांगत नव्हते आणि दर रविवारी ते तिघे माझ्या त्याच कथांना "छान" म्हणत होते. मला त्या शब्दाची चीड आली. मग मी ठरवले की आपण तरी यापुढे खोटे बोलायचे नाही. शिवाय मी मास्तर. लाल पेन खिशातच असे. रविवारच्या बैठकीला मी ते बाहेर काढू लागलो.

आता वाटते, त्या निश्चयात सत्याची आवड थोडी होती आणि अकरा साभार परतींचा राग फार होता. आपल्याला कोणी मारले की आपण दुसऱ्याला मारतो, आणि त्याला शिस्त म्हणतो.

माझा पहिला घाव पडला तो कोळीवाड्यातल्या मित्रावर. त्याने एक कथा आणली होती. बाप वादळात अडकला आहे, आई किनाऱ्यावर उभी आहे आणि घरातला मोठा मुलगा चुलीसमोर बसला आहे, अशी काहीशी. सारी कथा कोळीवाड्याच्या बोलीत होती, निवेदनसुद्धा. मी वही घरी नेली. चार पाने वाचली; पुढची, खरे सांगतो, चाळली. कथेच्या सुरुवातीलाच एक वाक्य होते. भांगाचे दिवस होते आणि घरात चूल गप्प होती, अशा अर्थाचे. "भांग" या शब्दाखाली मी लाल रेघ ओढली आणि बाजूला प्रश्नचिन्ह काढले. मला केसांतला भांग ठाऊक होता आणि शंकराच्या देवळाबाहेर घोटतात ती भांग ठाऊक होती. या वाक्यात दोन्ही बसेनात. पुढे रविवारी सर्वांदेखत मी त्याला म्हणालो, "ही बोली आहे, कथेची भाषा नव्हे. ही अशी कोणी छापणार नाही."

तो हसला. वही शर्टात खोचली. पुढच्या रविवारी बापाबरोबर समुद्रावर जायचे होते म्हणून आला नाही. त्यापुढच्या रविवारीही नाही. काही महिन्यांत आमची बैठकच मोडली.

यानंतर किती वर्षे गेली असतील. एकदा सकाळी बाजारात मासळी घ्यायला गेलो. टोपल्या अर्ध्या रिकाम्या आणि भाव मात्र दुप्पट. मी कोळणीला विचारले, "का हो मावशी, आज एवढं महाग?" ती सहज म्हणाली, "भांग हाय ना सर, म्हावरं खयचं येतंय?" मग तिनेच मला समजावले. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते. पाणी खूप चढते, खूप उतरते, ओढ जोराची असते. अष्टमीच्या सुमारास भरती-ओहोटी मंद होते, पाण्याला ओढ राहत नाही, तो भांग. इथली डोलीची जाळी पाण्याच्या ओढीवरच तर मासळी धरतात. ओढ नाही तर मासळी नाही, मासळी नाही तर पैसा नाही.

मी पिशवी हातात धरून तसाच उभा राहिलो. भांगाचे दिवस होते आणि घरात चूल गप्प होती. त्या एका शब्दात चंद्र होता, समुद्र होता, रिकामे जाळे होते आणि उपाशी घर होते. सारी कथा त्या शब्दात होती, आणि मी त्याच शब्दाखाली रेघ ओढली होती. त्याच वर्षी मी वर्गात बहिणाबाई चौधरींची कविता शिकवत होतो. ती मुलांना समजावून देताना सांगत होतो की या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हते, त्यांच्या ओव्या त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि एका नातलगाने उतरून ठेवल्या, १९५१ साली त्या वारल्यावर अत्र्यांनी त्या वाचल्या आणि १९५२ साली पुस्तक निघाले. खानदेशी बोलीतली कविता केवढी मोठी असू शकते, हे मी फळ्यापाशी उभे राहून सांगत होतो. अत्र्यांच्या जागी मी असतो तर पहिल्या ओवीखाली रेघ ओढून मोकळा झालो असतो.

यावरून कोणी म्हणेल, "म्हणजे नुसते कौतुकच करावे, टीका नकोच." मला तसे म्हणायचे नाही. या बाबतीत आपल्या संतांच्या दोन कथा मला फार जवळच्या वाटतात. ज्ञानेश्वर, नामदेव, मुक्ताबाई ही मंडळी आपण देव्हाऱ्यात बसवली, त्यामुळे ती किती तरुण होती हे विसरतो. परंपरेने मानलेली साले धरली तर १२९० साली 'ज्ञानेश्वरी' पुरी झाली तेव्हा ज्ञानेश्वरांचे वय पंधरा-सोळा वर्षांचे होते आणि मुक्ताबाई आणखी चार वर्षांनी लहान. एकमेकांच्या सोबतीने लिहिणाऱ्या, गाणाऱ्या तरुणांचाच तो मेळा होता.

पहिली कथा ताटीची. लोकांच्या बोलण्याने ज्ञानेश्वरांचे मन विटले आणि ते झोपडीचे दार लावून आत बसले. धाकट्या बहिणीने बाहेरून विनवून त्यांना दार उघडायला लावले. ते अभंग 'ताटीचे अभंग' म्हणून आपण ओळखतो. दुसरी कथा तेरच्या गोरोबाकाकांची. संतमंडळी त्यांच्या घरी जमली असताना तिथे पडलेल्या थापटण्याकडे बोट दाखवून मुक्ताबाईने विचारले, हे काय? गोरोबा म्हणाले, याने मडके कच्चे की पक्के ते कळते. मग आम्हांला तपासा की, असे झाले. गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारून पाहिले. सारे गप्प बसले. नामदेव मात्र रागावले. हे मडके कच्चे, असा निकाल झाला. दुखावलेले नामदेव पुढे औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले आणि तिथे त्यांना गुरू मिळाला.

या दोन्ही कथांत एकच मुलगी आहे, हे आपल्या ध्यानात येत नाही. ताटी उघडायला लावणारीही तीच आणि थापटणे हातात घ्यायला लावणारीही तीच. धीर देणे आणि पारख करणे ही दोन माणसांची कामे आहेत, असे तिला वाटले नाही.

थापटण्याविषयी आणखी थोडे. मडक्यावर दोन तऱ्हांनी टिचकी पडते. बाजारात गिऱ्हाईक मडके हातात घेऊन बोटाने वाजवून पाहतो. आवाज बरोबर आला तर घेतो, नाही आला तर खाली ठेवतो. ती टिचकी निकालाची. कुंभार मात्र ओल्या मडक्यावर थापटणे मारतो, तेव्हा त्याचा दुसरा हात मडक्याच्या आत असतो. त्या हातात दगडाचा गोळा असतो. बाहेरचा फटका त्या आतल्या आधारावर पडतो. म्हणून मडके फुटत नाही, त्याला पोट येते. कबीराने गुरूसाठी हीच उपमा वापरली आहे. आतला हात काढून घेऊन कुंभाराने फटका मारला तर ओल्या मडक्याचा चिखल होईल. आणि बाहेरचा हात थांबवून नुसताच आतून आधार देत बसला तर आकारच येणार नाही. माझी लाल रेघ ही गिऱ्हाइकाची टिचकी होती. आमचे रविवारचे "छान" हा नुसताच आतला हात होता.

तथापि, इथे खरी अडचण पुढेच आहे. गोरोबा वडीलधारे होते; त्यांचे मडके भाजलेले होते. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात सतरा वर्षांच्या ठोंबऱ्यांची कविता ऐकून अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्यांना 'बालकवी' म्हटले, तेही वडीलधाऱ्याच्या अधिकाराने. समवयस्कांचे काय? सुरूच्या झाडाखाली बसलेले आम्ही चौघेही कच्चे. एका कच्च्या मडक्याने दुसऱ्या कच्च्या मडक्याला वाजवून काय कळणार? आवाज येतो तो दोघांचाही मिळून. मी मित्राच्या कथेला "चूक" म्हणालो तेव्हा वाजली ती माझी अक्कल होती, आणि मला वाटले त्याची कथा वाजली.

म्हणून मला असे वाटते की बरोबरीच्या लेखकांनी एकमेकांना निकाल देऊ नये. चांगलाही देऊ नये आणि वाईटही देऊ नये. तो अधिकार त्यांच्यापाशी नसतो. आणि तो नाही म्हणून त्यांचे काही बिघडत नाही, कारण त्यांच्यापाशी दुसरे एक धन असते. वडीलधाऱ्यांना वेळ नसतो, संपादकापुढे ढीग पडलेला असतो. बरोबरीच्या मित्रापाशी रविवारची अख्खी संध्याकाळ असते. तो कथा दोनदा वाचू शकतो. न कळलेला शब्द विचारू शकतो. "इथे माझा चहा निवला" आणि "इथे मी किती पाने राहिली ते पाहिले" एवढे तो प्रामाणिकपणे सांगू शकतो. ते सांगायला विद्वत्ता लागत नाही. कथेविषयी तो चुकू शकेल, पण स्वतःला काय झाले याविषयी चुकणार नाही. कौतुक करायला अर्धा क्षण पुरतो, दोष काढायला चार पाने पुरतात. वाचायला मात्र सगळी पाने वाचावी लागतात. उसने देता येत नाही असे हे देणे आहे, आणि म्हणूनच घेणाऱ्याला ते लगेच ओळखू येते.

आता त्या वहीवरच्या नावाकडे येतो. ती मुलगी माझ्या त्याच मित्राची. गावात आम्ही भेटत असू, रामराम होत असे, मुलीच्या अभ्यासाविषयी बोलणे होई. त्या कथेविषयी आम्ही इतक्या वर्षांत अवाक्षर काढले नव्हते. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी मी मुलीची वही वाचली. पाडवा झाल्यावर पुन्हा वाचली. आणि भाऊबिजेच्या सकाळी खाडी ओलांडून एकदऱ्याला गेलो. तो दारात बसून जाळे सांधत होता. वहिनींनी फराळाची बशी आणून ठेवली.

"ये मास्तर. पोरीनं वही दिली म्हणे तुला."

"दिली. दोनदा वाचली."

"दोनदा?" त्याने मान वर केली. "बरी हाय का?"

मी उत्तर दिले नाही. विचारले, "तुझी ती वही कुठे आहे रे? मला पुन्हा वाचायची आहे."

त्याने कोणती, असे विचारले नाही. सुई जाळ्यातून ओढून घेत म्हणाला, "ती गेली निसर्गात."

मुरुडच्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' नावाचे चक्रीवादळ या किनाऱ्यावर आले. सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, नारळ मोडले, घरांवरची कौले आणि पत्रे पाचोळ्यासारखे उडाले. त्याच्या घराचे छप्पर गेले आणि माळ्यावरची ट्रंक पावसात भिजली. ट्रंकेत ती वही होती. म्हणजे अठरा वर्षे त्याने ती जपून ठेवली होती.

मी बाजारातली गोष्ट त्याला सांगितली. भांग म्हणजे काय ते मला तेव्हा ठाऊकच नव्हते, हे सांगितले. तो बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला.

"आरं, मला वाटलं तू शिकलेला, तुला बरोबर ठाऊक असणार. तू रेघ मारलीस म्हणजे ते चुकलंच असणार." मग तो हसला, त्या रविवारी हसला होता तसाच. "मग विचारायचंस की रे!"

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते. माझ्या एका रेघेने एक लेखक मारला, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे हाही एक अहंकारच होईल. त्याचा बाप थकला, होडी त्याच्या अंगावर पडली, संसार झाला. माणूस लिहायचे थांबतो त्याला शंभर कारणे असतात. पण त्या शंभरांतले एक माझे होते, आणि ते दुरुस्त करायला वहीच उरली नाही. आपण हसत हसत टाकलेल्या निकालाचा पुनर्विचार करायची सवड समुद्र प्रत्येक वेळी देत नाही.

सुट्टी संपल्यावर मी मुलीला वही परत दिली. तिने अधीर होऊन पाने उलटली. कुठेही लाल रेघ नव्हती, हे पाहून तिचा चेहरा आधी उजळला आणि मग पडला.

"सर, वाचली नाहीत का?"

"दोनदा वाचली. तीन शब्द मला कळले नाहीत. ते आधी सांग." ती खो खो हसली. मास्तरांना आपल्या घरचे शब्द येत नाहीत, याची तिला मोठी मौज वाटली. मधली सुट्टी त्या तीन शब्दांतच गेली. मग मी तिला सांगितले की आजी होडीची पूजा करते तिथे मी श्वास रोखून वाचत होतो आणि शहरातला मामा येतो त्या पानांवर मी दोनदा खिडकीबाहेर पाहिले. ती विचार करत म्हणाली, "मामा मी बघितलेलाच नाही, सर. शिनेमातला घातला."

"पण कशी आहे, ते सांगा ना," तिने जाता जाता पुन्हा विचारलेच.

"ते मला ठाऊक नाही," मी म्हणालो. "पुढची कधी आणतेस?"

या प्रश्नाने ती जेवढी खुलली, तेवढी कोणत्याही "छान"ने खुलली नसती. चार दिवसांनी ती वर्गातल्या दोन मैत्रिणींना घेऊन आली. त्याही लिहितात म्हणे. रविवारी एकत्र बसायचे ठरवले आहे, सरांनी यावे, असे आमंत्रण होते. मी नाही म्हणालो. तुमचे तुम्ही बसा, म्हणालो. फक्त दोन नियम दिले: "छान" हा शब्द उच्चारायचा नाही, आणि जो शब्द कळणार नाही तो विचारल्याशिवाय पुढे जायचे नाही.

मध्यंतरी एका रविवारी संध्याकाळी किनाऱ्यावरून फिरून येत होतो. सुरूच्या झाडांखाली तीन डोकी एका वहीवर वाकलेली दिसली. एकीने पानावर बोट ठेवले होते आणि ती दुसरीला काहीतरी विचारत होती. दुसरी हात हलवून समजावत होती. वाऱ्यामुळे मला शब्द ऐकू आले नाहीत.

त्यांचे लक्ष माझ्याकडे जाऊ नये म्हणून मी वाट बदलली आणि ओल्या वाळूवरून घरी आलो.